रिलेशनचा रकाना

ताईबाई सातवी शिकलेली. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण रिलेशन हा शब्द तिला कुणी समजावून सांगायला नको. तो तिने अंगावर झेललेला आहे.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पहूरच्या घरी ओसरीवर मोतीलालमामा तिच्या बापाला सांगत होते, "पोरगं कायले पाहता दाजी? आज्याच्या आज्यापासून आपलं रिलेशन हाये त्या घराशी." तेवढ्यावर सोयरीक झाली. नवरा कसा, काळा की गोरा, हे तिने अंतरपाट खाली आल्यावर पाहिलं. जीवराम निघाला चांगला. जिनिंगवर कापसाच्या गाड्या आणायचा, पगारातून बायकोला गुपचूप शेव आणायचा. नऊ वर्षांनी जामनेर रस्त्यावर ट्रकने त्याला उडवलं. पदरात सहा वर्षांची नूतन.

त्या दिवशी चार बायकांनी ताईबाईला भिंतीशी धरलं. ती हात मागे लपवत होती, ओरडत होती. बांगड्या फुटल्या आणि एक काच मनगटात शिरली. आणि तेराव्याचं जेवण उरकल्यावर दीर म्हणाला, "भाऊच गेला, आता रिलेशन कुठी उरलं?" आज्याच्या आज्याचं रिलेशन तेरा दिवसांत आटलं. ताईबाई पोरगी काखेत मारून माहेरी आली.

माहेरी कुणी फुकट बसवत नाही. ती जिनिंगवर कापसातला कचरा वेचायला लागली. पाच हंगाम वेचला. तिथे मशिनरीचा फिटर म्हणून धुळ्याकडचा एक माणूस आला, अभिमन. बायको काविळीने गेलेली, मूलबाळ नाही, बोलणं कमी. तापीकडच्या गावी भाऊ प्रेमराज, त्याचा संसार, सामायिक चार बिघे. मोतीलालमामांनीच पुन्हा मध्ये तोंड घातलं आणि पाट लागला.

पाट म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं. विधवेचं दुसरं लग्न ते. लग्न म्हणायचं, पण लग्नासारखं करायचं नाही. पत्रिका नाही, वाजंत्री नाही, मांडव नाही. फोटो तर नाहीच. सवाष्णींनी पाटाच्या बाईचं तोंड दुसऱ्या दिवसापर्यंत पाहायचं नाही, म्हणून दिवेलागणीला घरातल्या सगळ्या बाया शेजारी जाऊन बसल्या. हजर कोण? मोतीलालमामा, अभिमनचा बाप, आणि अभिमनची आत्या सुनंदाअक्का. अक्का स्वतः विधवा, म्हणून तिला पाहायला बंदी नव्हती. तिने ताईबाईचा हात धरला आणि मागच्या दाराने आत घेतलं. पुढचं दार सवाष्णींचं.

करोनात मोतीलालमामा गेले. अभिमनचा बाप त्याआधीच गेला होता.

नूतनला घेऊन दोघं नरडाण्याला राहत. अभिमनला तिथल्या कारखान्यात काम लागलं होतं, रेल्वे स्टेशनच्या बाजूला भाड्याची खोली होती. गावी सणावाराला जायचं. प्रेमराज तिला "वहिनी" म्हणायचा, त्याची बायको कुंदाबाई तिच्या 'हाये'ला हसायची. "आमनाकडे शे म्हनतस वं वहिनी. हाये काय? हाय लागनी का कोन्ही?" ताईबाई हसून सोडून द्यायची. तीन वर्षांत तिच्या तोंडातही शे बसलं.

एक गोष्ट मात्र राहिली. आधारकार्डावर, रेशनकार्डावर ती ताईबाई जीवराम अशीच होती. नाव बदलायचा विषय तिने एकदा काढला, तर अभिमन म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पोरना जातना दाखला एकदाव निंघी जाऊ दे, मंग दखूत." दोघांची पक्की समजूत, की आईच्या नावापुढून बापाचं नाव गेलं तर पोरीचा दाखला अडकेल. खेड्यात कागदाला लोक देवापेक्षा जास्त घाबरतात. देव निदान कोपल्यावर नवस तरी घेतो. दाखला निघाला, मग पडताळणी आली, मग नूतन जळगावला नर्सिंगला लागली. कागद तसाच राहिला. सावत्र पोरीच्या दाखल्यासाठी अकरा वर्षं स्वतःचं नाव बायकोच्या पुढे न लावणारा माणूस होता अभिमन. त्याला कुणी कधी हार घातला नाही.

मे महिन्यात, दुपारच्या पाळीला, तो कारखान्यात बॉयलरजवळ बसला तो उठलाच नाही. सुपरवायझरने गाडीत घालून धुळ्याला नेलं. रजिस्टरमध्ये फोन नंबर प्रेमराजचा लिहिलेला, म्हणून फोन प्रेमराजला गेला. ताईबाईला कळलं ते पाळी सुटल्यावर, अभिमनच्या जोडीदाराकडून. रुपचंद त्याचं नाव. तो दारात उभा राहून नुसताच म्हणाला, "धुळे चला, वहिनी." तिने चपला घातल्या की नाही, हे तिला आज आठवत नाही.

दवाखान्यात प्रेमराज आधीच टेबलाशी उभा होता. पांढरे कपडे, खिशाला पेन. प्रेमराज उपसरपंच, बारा कचेऱ्यांचं पाणी प्यालेला. भावामागे बायको नसली तर सामायिक चार बिघे सगळे आपले, हे त्याला कुणी सांगायला नको. सोबत गावचे चारपाच जण. मृतदेह ताब्यात द्यायचा कागद कारकुनाने पुढे ओढला.

"कोण घेणार ताब्यात?"

"मी," ताईबाई म्हणाली.

"रिलेशन?"

"बायको."

कारकुनाने आधारकार्ड मागितलं. तिने दिलं. त्याने ते वाचलं, मग मयताचं नाव वाचलं, मग पुन्हा कार्ड वाचलं. "बाई, याच्यावर जीवराम आहे. हे अभिमन आहेत."

"ते पहिले. हे दुसरे."

"मग दुसऱ्याचं काही? लग्नाचा दाखला, फोटो, काहीही?"

प्रेमराज तेव्हा पुढे झाला. आवाजात तूप. "साहेब, मी सख्खा भाऊ. हे माझं आधार, हे त्याचं, पत्ता एकच. या बाई ओळखीच्या आहेत. नरडाण्याला राहतात."

ताईबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "बाई? कालपावत वहिनी व्हती ना रे मी, प्रेमराज?"

"तुम्ही बसा तठे. मी बठ्ठं करी लेसू."

"तुम्ही कधीपासून म्हनाले लागना? मना हातनी खिचडी खाईसन जास तू दर बाजारले."

सोबतच्यांपैकी एकजण छताकडे बघायला लागला. प्रेमराजचा मोठा पोरगा, कॉलेजात जाणारा, मोबाइलवर कुणाला तरी हळूच सांगत होता, पण भिंतींना कान असतात तसे ताईबाईलाही होते. "नाही रे, मोठी आई नाही. मोठे पप्पांचं ते रिलेशन होतं फक्त." कॉलेजातली पोरं हा शब्द कशासाठी वापरतात, हे तिला नूतनमुळे ठाऊक होतं. महिना दोन महिन्यांचं फिरणं, चोरून भेटणं, मग ब्लॉक. अकरा वर्षं एकाच ताटात जेवलेल्या दोन माणसांवर पोराने तो शब्द चिकटवून टाकला. त्याच्या मनात वाईटही नसेल. बापाने घरून निघताना जे शिकवलं तेच तो बोलत होता.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने पेन खाली ठेवलं आणि हळू म्हणाला, "हे बघा ताई. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा. मी लिहून घेतो, पोलिसांना कळवतो. मग दोन पार्ट्या झाल्या. निकाल लागेपर्यंत बॉडी इथेच राहील."

"किती दिवस?"

"ते मी कसं सांगू? दोन, चार. जास्तही."

चव्वेचाळीसचा पारा. आत अभिमन. घामाला सगळ्यात भिणारा माणूस, दिवसातून दोनदा आंघोळ करणारा. बाहेर बाकावर बसलेली एक म्हातारी आपल्या माणसासाठी तिसरा दिवस थांबलेली, ती पदराने नाक झाकून बसली होती. ताईबाईने तिच्याकडे पाहिलं, मग प्रेमराजकडे. प्रेमराज घाईत नव्हता. घाई कुणाला आहे हे त्याला कळलेलं होतं.

ती काही बोलली नाही. तेवढंच तिने केलं. कारकुनाने थोडा वेळ वाट पाहिली आणि रिलेशनच्या रकान्यात लिहिलं, भाऊ. सही एकाचीच लागत होती.

पुढे पुष्कळांनी तिला ऐकवलं, की तिथे का नाही बोललीस, एक वाक्य तर होतं. ऐकवणाऱ्यांनी आपलं माणूस चार दिवस तिथे ठेवून दाखवावं आणि मग यावं तोंड उघडायला.

पण शववाहिकेचं दार उघडल्याबरोबर ती आत चढली आणि अभिमनच्या उशाशी बसली. प्रेमराज म्हणाला, "बाई मांगतीन रिक्षावर येतीन." तिने दाराची कडी आतून धरली. ओढून काढायची कुणाची छाती झाली नाही. गावापर्यंत ती ओला रुमाल त्याच्या कपाळावरून फिरवत होती.

गावात तयारी झालेलीच होती. अंगणात गर्दी. मयत उचललं, पुरुष गेले, आणि आत बायकांचा गोल बसला. आता जे व्हायचं ते सगळ्यांना माहीत होतं. सुनंदाअक्का उठली. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, याच घरात राहणारी. तिने चुलीमागचा दगड आणला आणि ताईबाईसमोर बसली.

"हात दे वं माय."

ताईबाईने दोन्ही हात पुढे केले. सोळा वर्षांपूर्वी पाठीमागे लपवलेले हेच हात. तेव्हा ती जीव तोडून ओरडली होती, आज ती जीव मुठीत धरून वाट बघत होती. का, तर बांगड्या फक्त बायकोच्या फोडतात. ओळखीच्या बाईच्या कुणी फोडत नाही. चाळीस बायांच्या डोळ्यांदेखत हा दगड पडला, की ती कोण हे गावाने सांगितल्यासारखं होणार होतं. कारकुनाने मागितलेला दाखला या दगडात होता.

प्रेमराज मसणवटीकडे निम्म्यात गेला होता, तिथून तो परत आला. भावाच्या प्रेताला खांदा द्यायचा सोडून परत आला, यावरून त्याची हुशारी समजा. दारात उभा राहून तो म्हणाला, "अक्का, थांब. गावमा ठराव व्हयेल शे. बांगड्या फोडान्या नहीत."

ठराव खरा होता. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत झाला होता. नवरा मेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. चांगला ठराव. असा ठराव गावात व्हावा म्हणून बाया वर्षानुवर्षं झिजल्या आहेत, शिव्या खाल्ल्या आहेत. तो फ्रेम करून पंचायतीच्या भिंतीवर लावलेला होता, सूचक म्हणून नाव प्रेमराजचं. ठराव झाल्यापासून गावात सात बाया विधवा झाल्या होत्या आणि सातही जणींच्या बांगड्या फुटल्या होत्या. दोघींच्या वेळी प्रेमराज स्वतः अंगणात सतरंजीवर बसलेला होता.

अक्का दगड हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. "मना टायमले कथा गयथा तुना ठराव? मांगला महिनामा शेजारना घरनी सूनन्या फोड्यात, तैन्हं कथा गयथा?"

"सुधारनं पडी, अक्का. आपला घरपाईन सुरुवात."

दोनचार बायांनी माना हलवल्या. बरोबरच आहे की. कुंदाबाई खाली बघत होती. तिला आधीच सांगून ठेवलेलं होतं, हे तिच्या मानेवर लिहिलेलं होतं.

"फोड, अक्का," ताईबाई म्हणाली.

"बाई, कायदानी गोट शे."

"ठराव कोनसाठे शे, प्रेमराज?"

"बठ्ठासाठे."

"नही. भीतवर काय लिखेल शे? विधवा लिखेल शे ना? मंग आते बठ्ठासमोर म्हन, ताईबाई अभिमननी विधवा शे. एकदाव म्हन. मी हात मांगे ली लेसू."

घरात चाळीस बाया होत्या. प्रेमराजने अक्काकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"मयतना घरमा राजकारन नको," असं म्हणून तो परत मसणवटीकडे निघून गेला.

अक्काने दगड मांडीवर ठेवला. भाच्याच्या घरातला घास खाणारी म्हातारी ती. थोड्या वेळाने तिने तो परत चुलीमागे नेऊन ठेवला.

ताईबाई तिथून उठली नाही. दहाव्यापर्यंत ती ओसरीवर, दाराच्या अगदी समोर बसून राहिली, हिरव्या बांगड्या भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून. कुणी जेवायला बोलावलं तर जेवली, नाही बोलावलं तर पाणी प्याली. बाहेरगावचे लोक भेटायला यायचे आणि आधी हातांकडे बघायचे. मग कुणीतरी दबक्या आवाजात विचारायचंच, "हातमा बांगड्या कशा?"

"आठे ठराव शे, भाऊ. या गावमा विधवास्न्या बांगड्या फोडतस नहीत. इचारा प्रेमराजभाऊले."

आणि प्रेमराजला शेजारी बसून मान हलवावी लागायची. करतो काय? नाही म्हणावं तर ठराव खोटा, हो म्हणावं तर वहिनी खरी. तालुक्याहून पंचायतीचे एक अधिकारी आले, त्यांनी तर त्याची पाठ थोपटली. "असं पाहिजे, उपसरपंच. स्वतःच्या भावजयीपासून सुरुवात केलीत." फोटो काढू म्हणाले. प्रेमराज हात जोडून म्हणाला, "दुःखाचं घर आहे साहेब, फोटो नको." पाटाला फोटो नव्हता आणि आताही झाला नाही.

अकरा वर्षांत जेवढ्यांनी तिला अभिमनची बायको म्हटलं नव्हतं, तेवढ्यांनी त्या दहा दिवसांत म्हटलं. तिला वाटलं, झालं. गाव बोललं म्हणजे झालं.

दहाव्याला नूतन परीक्षा आटोपून आली ती धुळ्यातल्या एका वकिलाला भेटूनच. त्याने कागद टाइप करून दिला होता. आम्ही खाली सह्या करणारे सांगतो, की ताईबाई ही मयत अभिमन यांची पत्नी असून आम्ही तिला तशी ओळखतो. पाट गावात लागला, म्हणून साक्षीदार गावातलेच हवे होते; दोन पुरेसे होते. सुतक सुटलं, लोक जेवायला बसायच्या आधी ताईबाईने तो कागद पंगतीपुढे धरला.

पहिला नंबर छगनआबाचा. पाच दिवसांपूर्वी याच ओसरीवर त्याने परगावच्या पाहुण्याला सांगितलं होतं, "अभिमननी घरवाली शे ती, गरीब बाई." आता तो म्हणाला, "तोंडनं सांगू का? दहादाव सांगसू. कागद नको वं माय. कागद ऱ्हाई जास."

"ऱ्हावालेच पाहिजे ना, आबा."

"मना चष्मा घर शे," आबा म्हणाला आणि पत्रावळीवर पाणी शिंपडायला लागला.

सुपडूला सही येत नव्हती. त्याला अंगठा मागितला तर अंगठ्याला लागलेलं होतं. तिसऱ्याला वाढपाकडे बघायचं होतं. चौथ्याने विचारलं, "प्रेमराज काय म्हनस?" तो तरी खरं बोलला. कागद पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि कोरा परत आला. नूतन रडायला लागली. "आई, सोड ना. कागदावर तू जीवराम पप्पांची आहेस, तेवढं बस नाही का?"

"तू चूप."

मग आतून सुनंदाअक्का आली. कुंदाबाईने तिचा पदर धरलेला, तो तिने सोडवून घेतला. पुरुषांच्या पंगतीत ती बाई जन्मात कधी आली नव्हती.

"आन वं इकडे. मी दखेल शे. मी सोता तिले मांगला दारथीन घरमा लयेल शे." आणि भाच्याकडे वळून, "तुना बाप उभा व्हता तठे. तू लहान नही व्हता. शेजारना घर बसेल व्हता, लाडू खात."

कुणीतरी खिक्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. अक्काने अंगठा दिला. काळा, ठसठशीत, कागदाच्या रेघेबाहेर गेलेला.

प्रेमराज ओरडला नाही, भांडला नाही. अंगावर हात टाकणारा माणूस तो नव्हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काची खाट गोठ्यात होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या दाराला कुलूप होतं आणि खाट बाहेर उन्हात. ताईबाईने अक्काचं गाठोडं उचललं आणि दोघी एसटीने नरडाण्याला आल्या.

वकिलाने कागद पाहिला. अंगठा चांगला आहे, म्हणाला, पण एकाने भागणार नाही, त्यात वय पंचाहत्तर, समोरचा म्हणेल म्हातारीला कळत नाही. मग त्याने सहज विचारलं, की आधारवरचं नाव इतकी वर्षं का बदललं नाहीत. ताईबाईने दाखल्याचं कारण सांगितलं.

"ताई," वकील म्हणाला, "जात बापाची लागते. आईने नाव बदललं काय, नाही काय, पोरीच्या दाखल्याला काही झालं नसतं."

नूतनने तोंड फिरवलं. ताईबाई म्हणाली, "कोन्ही सांगं नही." तेवढंच. जिना उतरताना मात्र ती मधल्या पायरीवर बसली. अक्काने खांद्याला धरून उठवेपर्यंत बसून होती.

याला आता दीड वर्ष झालं. खोलीचं भाडं निघावं म्हणून ताईबाई औद्योगिक वसाहतीत एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. अक्काला डोळ्याने कमी दिसायला लागलंय, ती दाराशी बसून तांदूळ निवडते आणि खडे तसेच ठेवते. हातातल्या हिरव्या बांगड्यांबद्दल कँटीनमधल्या बाया विचारतात. ताईबाई उत्तर देत नाही. आपल्या हाताने काढल्या तर ती बायको नव्हतीच हे प्रेमराजचं म्हणणं खरं होतं, ठेवल्या तर लोक भलतंच समजतात. पीठ मळताना त्या कोपरापर्यंत सारते आणि कामाला लागते.

दर रविवारी ती गावाला जाते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत. एका रविवारी एकच घर. उगाच चार घरं केली की लोक एकमेकांना सावध करतात, हे तिला पहिल्या महिन्यात कळलं. घरात शिरायचं, पाणी मागायचं, बसायचं, आणि विचारायचं. चहा सगळे देतात. अभिमनच्या आठवणी काढून दोन बायांनी डोळेही पुसले. कागद पिशवीतून निघाला की घरातल्या पुरुषाला शेतावरचं काम आठवतं.

गेल्या रविवारी छगनआबाचं घर दुसऱ्यांदा झालं. आबा आता अंथरुणावर आहे. तिने विचारायच्या आधीच त्याने हात जोडले. ती तरीही बसली. त्याचं अंथरूण घाण झालेलं होतं, सून घरात नव्हती. तिने ते बदललं, त्याला कुशीवर वळवलं, पाणी पाजलं. कागद काढलाच नाही. साडेचारची एसटी चुकली तर सहापर्यंत फाट्यावर बसावं लागतं, म्हणून उठली. आबाने मागून काहीतरी म्हटलं, ते तिला नीट ऐकू आलं नाही. ती परत फिरली नाही. पुढच्या रविवारी कुणाचं घर घ्यायचं, याचा विचार करत ती फाट्याकडे चालायला लागली.